तीन छप्पन्न

रोज रात्री साडेनऊला माझ्या मोबाइलचा गजर वाजतो आणि मुलगा आतल्या खोलीतून ओरडतो, "बाबा, गोळी!" सुरुवातीला या गजराची मला इतकी लाज वाटायची की त्याला मी 'दूध' असं नाव देऊन ठेवलं होतं. घरात कुणी आलेलं असलं तर स्क्रीनवर 'दूध' दिसावं, एवढाच हेतू. एकदा मेव्हणा शेजारी बसला होता. तो म्हणाला, "रात्री साडेनऊला कुठला गवळी येतो हो तुमच्याकडं?" त्या रात्री नाव बदललं. आता तिथं नुसतं 'गोळी' आहे.

मी लातूर जिल्ह्यातला, किल्लारीच्या पट्ट्यातला. एवढं सांगितलं की चाळिशीपुढचा माणूस पुढचं काही विचारत नाही, नुसता "अरेरे" म्हणतो. विशीतला विचारतो, "किल्लारी म्हणजे?" खरं सांगायचं तर मला दुसरा बरा वाटतो.

२९ सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशी होती. मी बारा वर्षांचा, धाकटा भाऊ सहाचा. त्याला सगळे बारक्याच म्हणायचे. गावचा गणपती बुडवून यायला मध्यरात्र उलटली. परतताना बारक्या चालेना. त्याला खांद्यावर घेतलं, तर तो वेशीपाशीच झोपला. गुलालानं माखलेलं त्याचं डोकं माझ्या मानेवर घामानं चिकटलेलं. घरी आलो, त्याला आत नेलं, आजी आणि आईच्या मधे ठेवलं, अंगावर गोधडी ओढली. आत उकडत होतं, म्हणून मी पोरांबरोबर मारुतीच्या पारावर झोपायला गेलो.

पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. हा आकडा मला नंतर, वर्तमानपत्रातून कळला. पारावर कुणाच्या हातात घड्याळ नव्हतं.

आमच्याकडची घरं दगड-मातीची. दोन-दोन फूट रुंद भिंती, वर माळवद. लाकडी सऱ्यांवर मातीचा थर, आणि गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात त्यावर आणखी पांढरी माती. आजोबा अभिमानानं सांगायचे, आपलं घर उन्हाळ्यात थंड आणि थंडीत ऊबदार. ते खरंच होतं. पण दर वर्षी एकेक थर चढवत आम्ही किती वजन डोक्यावर घेऊन झोपत होतो, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. दख्खनचा हा भाग भूकंपाच्या दृष्टीनं निर्धोक, असं तोवर जाणकारही मानत होते. सुमारे दहा हजार माणसं गेली ती बहुतेक स्वतःच्याच भिंती आणि स्वतःच्याच माळवदाखाली.

आईला दुपारी काढलं. खुब्याचं हाड मोडलं होतं, पण जिवंत होती. आजी आणि बारक्या नाहीत. मग पाऊस आला. तेवढ्यावर थांबतो. पुढचं मी एका बंद खोलीत, एका बाईंसमोर, पंधरा-सोळा वेळा सांगितलंय आणि आता इथं परत सांगायची गरज वाटत नाही. ही गरज न वाटणं हीसुद्धा बहुधा गोळीचीच करामत.

आमच्या भागात याला एक शब्द आहे, धसका. "त्यानं धसका घेतलाय" म्हटलं की समोरच्याला सगळं कळतं. उपायही ठरलेले. मीठ-मोहऱ्या उतरवून टाकणं, अंगारा लावणं, दर्ग्यावरून गंडा आणून बांधणं. माझ्या दंडाला तो गंडा दहावीपर्यंत होता. त्याचा काही उपयोग झाला नाही असंही मी म्हणणार नाही, कारण तो बांधताना आई मला मांडीवर घेऊन बसायची, आणि मोडक्या खुब्यानं मांडी घालणं काय असतं ते तिलाच ठाऊक.

पण धसका घेतलेला माणूस मोठा होतो, नोकरीला लागतो, त्याचं लग्न होतं. मग त्या धशक्याला कुणी धसका म्हणत नाही, स्वभाव म्हणतात. मी पुण्यात फ्लॅट घेतला तो हट्टानं सगळ्यात वरच्या मजल्यावरचा. उन्हाळ्यात तापेल, असं बिल्डरच्या माणसानंच सांगितलं. तापू दे, माझ्या डोक्यावर कुणाचं घर नको होतं. चार मजले माझ्या पायाखाली कोसळले तर मी कुठं जाणार, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. पलंगाशेजारी चपला, टोकं दाराकडं. उशीखाली बॅटरी. कपडे धुवायचं मशीन पिळायला लागलं की मी घराबाहेर. बायको स्वयंपाकघरातून सांगायची, "अहो, मिक्सर लावते हं!" आणि मग लावायची. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून. पाहुण्यांना वाटायचं, काय लाड आहेत नवऱ्याचे.

आणि रोज पहाटे साडेतीन ते चारच्या मधे जाग. गजर नाही, काही नाही. कोरड्या मातीचा वास यायचा, तोंडात धूळ भरलेली असायची, बारक्या माझ्या खांद्यावर असायचा आणि मी त्याला खाली ठेवायला वाकायचो. स्वप्न दर वेळी वाकण्यापाशीच तुटायचं. उठून हॉलमध्ये बसायचो. चार वाजून गेले की सुटल्यासारखं वाटायचं. सासूबाईंना फार कौतुक, जावई ब्राह्ममुहूर्तावर उठतात.

झोपेसाठी म्हणून २००८ मध्ये एका ओळखीच्या डॉक्टरांनी क्लोनाझेपाम लिहून दिलं होतं. अर्धी गोळी, "लागेल तेव्हा." ती मला अकरा वर्षं लागत राहिली. अर्धीची एक झाली. त्या गोळीनं झोप येते, अगदी काळी, बिनखिडकीची. आता कळतं की आघातानंतरच्या या दुखण्यावर त्या जातीच्या गोळ्या देऊ नयेत असंच जाणकार सांगतात. मुळाला त्या हात लावत नाहीत, वर सवय लागते, आणि पुढं बोलून करायचे उपचारही त्यांच्यामुळं बोथट होऊ शकतात. त्या डॉक्टरांवर आज माझा राग नाही. त्यांनी विचारलं होतं, "झोप का येत नाही?" मी म्हणालो होतो, "कामाचा ताण."

१२ सप्टेंबर २०१९. पुन्हा अनंत चतुर्दशी. मुलगा त्या वर्षी सहाचा झालेला. सोसायटीचा गणपती हौदात सोडून आम्ही परत येत होतो. तो चालेना. घेतला खांद्यावर. तो झोपला. गुलाल, घाम, मानेवर चिकटलेलं डोकं. पार्किंगमध्ये लिफ्टच्या दारापर्यंत आलो आणि पाय उचलेनात. लिफ्ट आली, दार उघडलं, आत पिवळा दिवा, दार मिटलं. परत बटण दाबलं. परत उघडलं, परत मिटलं. असं किती वेळा झालं कुणास ठाऊक. शेवटी वॉचमनच्या खुर्चीत बसलो, मुलाला तसंच धरून. त्याला वर नेऊन झोपवायचं म्हणजे काय करायचं, ते माझ्या हातांना ठाऊक होतं आणि हात ते करायला तयार नव्हते.

बायको खाली आली. "अहो, वर चला." मी मान हलवली. तिनं खूप समजावलं, मग चिडली, मग एकदम गप्प झाली आणि शेजारी जमिनीवर बसली. वॉचमननं तिला पुठ्ठा आणून दिला. उजाडेपर्यंत आम्ही तिघं तिथं होतो. सकाळी दूध टाकणाऱ्यानं आमच्या मजल्याची पिशवी आमच्याच हातात दिली आणि काही विचारलं नाही. माझ्या खांद्याला मुंग्या येऊन तो बधिर झाला होता.

आठवड्याच्या आत बायकोनं मनोविकारतज्ज्ञांची वेळ घेतली. मी निघालो तेव्हा मनात होतं, आता 'वेड्याचा डॉक्टर' होणार. वेटिंग रूममध्ये माझ्याच बँकेचे एक निवृत्त मॅनेजर भेटले. आम्ही दोघंही एकदम म्हणालो, "अरे, तुम्ही इकडं?" आणि दोघांनीही मोबाइल काढले.

डॉक्टर बाई साठीच्या. मी भूकंप सांगितला, गणपती सांगितला, लिफ्ट सांगितली. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, ते इंग्रजी लांबलचक, आघातानंतरच्या ताणाचं. म्हणाल्या, हे नाव वैद्यकाच्या पुस्तकात १९८० साली आलं, व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेल्या अमेरिकी सैनिकांमुळं. मी म्हणालो, मी काही सैनिक नाही, मी पारावर झोपलो होतो. त्यावर त्या म्हणाल्या, "म्हणूनच तर." मला ते तेव्हा कळलं नाही. त्यांनी उलगडूनही सांगितलं नाही.

पण औषध मात्र नीट उलगडून सांगितलं, आणि ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आधी हे सांगितलं की या दुखण्यावर पहिला उपचार म्हणजे त्या घटनेबद्दल पद्धतशीर बोलणं. गोळी त्याची जागा घेत नाही. पण तुम्ही आत्ता खुर्चीत धड बसूही शकत नाही, तेव्हा दोन्ही बरोबर चालू करू. सकाळी सर्ट्रालिन, पंचवीस मिलिग्रॅमपासून हळूहळू वर. मूळची नैराश्यावरची गोळी, १९९९ पासून अमेरिकेत या आजारासाठीही मान्य झालेली. रात्री प्राझोसिन, जे खरं तर रक्तदाबाचं औषध. त्याची गोष्ट मला आवडली. सिएटलचे एक डॉक्टर, मरे रस्किंड. त्यांच्याकडच्या एका माजी सैनिकाला प्रोस्टेटच्या तक्रारीसाठी हे औषध दिलं होतं आणि त्याची रात्रीची भयस्वप्नंच थांबली. संकटात शरीर जे रसायन सोडतं, त्याची हाक मेंदूत ज्या दारातून आत जाते, ते दार हे औषध अडवतं. मीही इंटरनेटवर वाचून गेलो होतो. विचारलं, "पण २०१८ च्या मोठ्या चाचणीत तर तीनशे माजी सैनिकांवर याचा औषध नसलेल्या, नुसत्या दिसायच्या गोळीपेक्षा जास्त उपयोग दिसला नाही?" त्या हसल्या. "हो. काहींना लागू पडतं, काहींना नाही. तुमचं बघू." डॉक्टरच्या तोंडून "बघू" ऐकून एरवी धसका बसतो. मला त्या दिवशी विश्वास वाटला.

प्राझोसिनची पहिली गोळी पलंगावर बसूनच घ्या आणि लगेच आडवे व्हा, असं बजावून सांगितलं होतं. पहिल्या गोळीला रक्तदाब एकदम उतरू शकतो. मी घेतली, आडवा झालो, आणि तासाभरानं बाल्कनीची कडी राहिली म्हणून उठलो. डोळ्यांपुढं अंधार. फरशी डावीकडं गेली, मग उजवीकडं. मी ओरडलो, "भूकंप!" बायकोला उठवलं, पोराला उचललं, जिन्यानं चार मजले खाली. जाताना समोरच्या काकांचंही दार बडवलं. काका-काकू नाइटड्रेसमध्ये पार्किंगमध्ये. पाच मिनिटं झाली, दहा झाली, रस्त्यावरची कुत्रीसुद्धा निवांत. काकांनी वर बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "तुम्हाला चक्कर-बिक्कर येते का हो?"

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडं जाऊन सगळं सांगावंच लागलं. बायकोनंतर मी ज्यांना स्वतःहून सांगितलं ते हे पहिले.

सर्ट्रालिनचे पहिले पंधरा दिवस वाईट गेले. मळमळ, तोंड कोरडं, अंगात विनाकारण धावपळ. शरीरसुखावरही परिणाम होतो. हे कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. डॉक्टरांना सांगावं, त्यांनी ते शेकडो वेळा ऐकलेलं असतं. मी सांगायला चार महिने घालवले. तिकडं क्लोनाझेपाम पाव-पाव करत, कित्येक आठवडे घेऊन कमी केलं. ते एकदम सोडायचं नसतं. मेडिकलचं दुकान हा आणखी एक अध्याय. आमचा दुकानदार माझ्या गोळ्या काळ्या पिशवीत घालून, वर गाठ मारून द्यायचा. आपल्याकडं काळी पिशवी दोनच गोष्टींना मिळते, बायकांच्या पॅडना आणि मनाच्या गोळीला. एक दिवस मी म्हणालो, "पिशवी नको, अशाच द्या." त्यानं इकडंतिकडं बघितलं. लाज माझ्यापेक्षा त्यालाच जास्त वाटत होती.

गुण आला तो मला कळलाच नाही. सहावा-सातवा आठवडा असेल. रविवारची सकाळ, मी पेपर वाचत होतो. आत चटणीसाठी मिक्सर लागला. मी पान उलटलं. मिक्सर थांबला. काही वेळानं मान वर केली तर बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी, हातात मिक्सरचं झाकण, त्यावर खोबऱ्याचा कीस. "मी सांगायला विसरले," ती म्हणाली. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

गोळीनं काय केलं हे लोक विचारतात तेव्हा मी मिक्सरचंच सांगतो. आनंद झाला नाही, विसर पडला नाही, मी सुन्नही झालो नाही. आवाज आणि मी यांच्यामधे फक्त पेपरचं पान उलटण्याएवढी जागा झाली. त्या जागेत उभं राहून मग मी मानसोपचार करणाऱ्या बाईंपुढं ती रात्र सांगू शकलो. डोळे मिटून, आत्ता घडतंय असं. त्या शुद्ध पुणेरी बोलायच्या आणि मी पाचव्या वाक्याला गावाकडं पोचायचो. त्या "ढिगाऱ्याखाली" म्हणायच्या, मी "मातीत". एकदा त्यांनी थांबवून विचारलं, "तुम्ही त्याला 'आत ठेवलं' म्हणता. झोपवलं असं का नाही म्हणत?" त्या दिवशी तास तिथंच संपला.

मग टाळेबंदी आली आणि गेली, सत्रं फोनवर झाली, आणि आलं ३० सप्टेंबर २०२०. आदल्या रात्री मी नेहमीप्रमाणं गोळी घेतली. जाग आली तेव्हा पडद्याच्या फटीतून ऊन पलंगावर आलं होतं. पावणेसात.

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मी त्या तारखेला तीन छप्पन्नला जागा नव्हतो. एरवीच्या रात्री सोडा, पण त्या रात्री मी न चुकता उठून बसलेला असायचो. दिवा लावायचो नाही, हात जोडायचो नाही. नुसता जागा असायचो. ते मी त्यांच्यासाठी करत होतो हे मला त्या उन्हात पहिल्यांदा कळलं. आणि एका पांढऱ्या गोळीनं मला तिथून उठवून झोपायला पाठवलं होतं. आजी आणि बारक्या मातीत, आणि मी पावणेसातपर्यंत घोरत. दोन्ही पाकिटं उचलली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. बायकोला सांगितलं नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून डोक्यात ट्यूबलाइट सुरू होताना फडफडते तसं व्हायला लागलं. मान वळवली की झट्. चिडचिड, घाम, डोळ्यांत पाणी. सर्ट्रालिन एकदम तोडलं की असं होतं, हे मला सांगितलेलं होतं. माझ्याच वहीत लिहिलेलं होतं. आठव्या रात्री धुळीचा वास परत आला. आणि खरं सांगतो, पहिल्या क्षणी बरं वाटलं. जणू माझी जागा मला कुणी परत दिली.

बायकोनं कचऱ्याची पिशवी बांधताना पाकिटं बघितली होती. इतके दिवस ती मी सांगायची वाट बघत होती. डॉक्टर व्हिडिओवर आल्या, रागावल्या नाहीत. सर्ट्रालिन पुन्हा पंचवीसवर आणलं. प्राझोसिनही पहिल्या मापापासून, आणि या वेळी कडी आधी लावून.

दिवाळीला गावी गेलो. आमचं गाव आता जुन्या जागेपासून लांब, आखीव रस्त्यांचं. भूकंपानंतर मिळालेली घरं. आईच्या नावावर पक्कं घर आहे, स्लॅबचं. आई त्यात धान्य ठेवते. स्वतः समोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपते, उन्हाळा-पावसाळा, सत्तावीस वर्षं. तिला कुणी कधी गोळी दिलेली नाही, खुब्यासाठीची सोडून.

रात्री मी गोळी काढली. तिनं विचारलं, "कसली हाय ती?"

"झोपेत घाण स्वप्नं पडतात, ती बंद व्हायची."

"बंद झाली?"

"बऱ्यापैकी."

ती बराच वेळ काही बोलली नाही. पत्र्यावर मांजर चालत गेलं. मी दचकलो नाही, ती दचकली. मग म्हणाली, "मंजी बारक्या पण यायचा बंद झाला?"

मी विचार केला. खरं तर उलटं झालं होतं. इतकी वर्षं मला फक्त ती माती दिसायची. ती बाजूला झाल्यावर आता दिवसाढवळ्या, बसमध्ये, कॅशच्या काउंटरवर, मला मिरवणूक आठवायला लागली होती. त्यानं लेझीम मागून घेतलेलं आणि त्याच्या हातात ते धड धरवत नव्हतं, हे मी पूर्ण विसरलो होतो. तसं तिला सांगितलं. ती नीट ऐकत होती. लेझमाचं ऐकून हसली. "माझं बी डोकं फोडलं अस्तं त्यानं त्या दिवशी."

मी धीर करून म्हणालो, "आई, तुला पण दाखवू या का लातूरला डॉक्टरला? तूही झोपत नाहीस."

"मला नगं बाबा."

"का?"

"माझ्या सपनात त्यो जेवायला बसलेला असतोय," ती म्हणाली. "दूधभाकर खातोय. उगं कशाला उठवायचं त्याला?"

यावर माझ्याकडं काहीच नव्हतं. डॉक्टर बाईंनाही नंतर हे सांगितलं, त्यांनी चष्मा काढून पुसला आणि आईचा रक्तदाब तेवढा तपासून घ्या म्हणाल्या.

मी पांघरूण घेतलं. शेडमध्ये, तिच्याच शेजारी. आत स्लॅबखाली बायको आणि मुलगा झोपले होते, त्याला मीच झोपवून आलो होतो. डोळा लागत होता तेवढ्यात अंधारातून आवाज आला,

"घेतलास का रं ती गोळी? का हातातच धरून बसलास?"